कॅप्टन हेन्स : मुंबईच्या आरमारातला एक अधिकारी

मराठी वाचकाला एडन हे नाव ठाऊक असते ते वासुदेव बळवंत फडके यांच्यामुळे. हा माणूस या देशातल्या कोणत्याही तुरुंगात ठेवणे धोक्याचे आहे असे सरकारला वाटले आणि १८८० साली त्यांची रवानगी समुद्रापलीकडे एडनला झाली. शिरढोणच्या या वीराने तिथे कोठडीचे दार बिजागऱ्यांसकट उखडले, तो बाहेर पडला, पुन्हा पकडला गेला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्याच तुरुंगात त्याचा अंत झाला. ही हकीकत आपण शाळेत वाचतो. पुण्यात खटला चाललेल्या कैद्याला ठेवायला सरकारने अरबस्तानच्या टोकावरचा तुरुंग का निवडला, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. उत्तर साधे आहे. एडन तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. तिथला कारभारी मुंबईच्या गव्हर्नरला जबाबदार होता, बाजारात रुपया चालत होता आणि किल्ल्यावर पहारा मुंबईच्या पलटणींचा होता. १८३९ पासून १९३२ पर्यंत, म्हणजे ९३ वर्षे, एडनची सूत्रे मुंबईतून हलत होती. पुढे पाच वर्षे ती दिल्लीकडे गेली आणि १९३७ साली एडन हिंदुस्थानापासून वेगळे झाले.

ते मुंबईला जोडले गेले त्यात सर्वांत मोठा हात ज्याचा होता, त्या आरमारी अधिकाऱ्याचे हे चरित्र आहे. त्याचे नाव स्टॅफर्ड बेट्सवर्थ हेन्स. जन्म १८०२ चा, इंग्लंडातला. विशीच्या आतच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमारात शिकाऊ अधिकारी म्हणून दाखल झाला. त्याने समुद्र मोजला, एडन घेतले, १५ वर्षे ते चालवले. नंतर मुंबईतच त्याच्यावर खटला झाला, ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले, तरीही जवळजवळ सहा वर्षे तो याच शहरात तुरुंगात होता. जून १८६० मध्ये सुटका झाल्यावर आठवडाभरातच मुंबई बंदरातल्या एका जहाजावर त्याने प्राण सोडला.

हे चरित्र मराठीत लिहायचे कारण परळच्या भोईवाड्याला लागूनच आहे. आज जिथे हाफकिन संस्था आहे, ती परळची जुनी वास्तू म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला. मुळात ते पोर्तुगीज काळातले मठ आणि चर्च. अठराव्या शतकात इंग्रजांनी ते ताब्यात घेतले आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धापासून गव्हर्नर तिथे राहू लागले. १८८० च्या दशकात ते मलबार पॉइंटला गेले. मग प्लेगच्या साथीत तिथे इस्पितळ झाले आणि १८९९ साली डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. गिरणगावातल्या माणसांना या वास्तूचा प्लेगशी असलेला संबंध माहीत आहे, कारण ती साथ इथल्या चाळींनी भोगली. त्याआधीची शंभरेक वर्षे हे सत्तेचे घर होते, त्याची खूण आता गव्हर्नमेंट गेट रोड या नावापुरती उरली आहे. कागद फोर्टातल्या कचेऱ्यांत तयार होत आणि ठराव कौन्सिलात होत, पण ते करणारी माणसे रात्री परळला परतत. हेन्सचे आयुष्य घडले आणि बिघडले ते तीन गव्हर्नरांच्या हातून. एडन घ्यावे म्हणून हट्ट धरणारे सर रॉबर्ट ग्रँट, हेन्सला तुरुंगात ठेवणारे लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन आणि त्याला सोडणारे सर जॉर्ज क्लार्क. पहिल्याचे नाव ग्रँट रोडला आहे. दुसऱ्याचे परळच्या कडेच्या रेल्वे स्टेशनला होते, ते २०१८ साली प्रभादेवी झाले. (एल्फिन्स्टन कॉलेजवाले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन वेगळे आणि आधीचे. या दोघांची गल्लत नेहमी होते.)

हेन्स ज्या आरमारात होता त्याच्याविषयी मराठी माणसाच्या मनात एक जुना सल आहे आणि तो खरा आहे. हे ब्रिटनच्या राजाचे आरमार नव्हते. कंपनीने मुंबईत उभे केलेले हे वेगळे दल, त्याचे नाव बॉम्बे मरीन. याच दलाची गलबते कान्होजी आंग्रे यांच्याशी आणि त्यांच्या वारसांशी पिढ्यान्‌पिढ्या लढली. १७५५ साली सुवर्णदुर्ग पाडणारा कमोडोर जेम्स याच दलाचा. १८३० साली या दलाला इंडियन नेव्ही असे भारदस्त नाव मिळाले, मान मात्र मिळाला नाही. राजाच्या आरमारातला अधिकारी कंपनीच्या अधिकाऱ्याला नेहमी एक पायरी खालचा समजत आला. १८६३ साली हे दल मोडीत निघाले. त्याचा इतिहास चार्ल्स रॅथबोन लो या त्याच दलातल्या अधिकाऱ्याने १८७७ साली दोन खंडांत लिहिला, तो इंग्रजीत. या गलबतांवर खलाशी म्हणून राबलेल्या कोकणच्या, काठेवाडच्या माणसांची नावे त्यात शोधूनही फार सापडत नाहीत. ती उणीव हे पुस्तकही भरून काढू शकलेले नाही, पण जिथे त्यांच्या कामाचा माग लागतो तिथे मी थांबलो आहे.

एडनची गरज पडली ती कोळशामुळे. शिडाच्या जहाजाने इंग्लंडचे पत्र आफ्रिकेला वळसा घालून यायला चार-सहा महिने लागत. तांबड्या समुद्राची वाट जवळची, पण तिथले वारे शिडाला अनुकूल नसत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचे दिवस तर आपल्या कोळ्यांना सांगायला नकोत. आगोट लागली की होड्या ओढून घेतल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद असतो. वाफेचे जहाज वाऱ्याच्या मर्जीवर चालत नाही, म्हणून मुंबई सरकारने १८२९ साली मुंबईच्याच गोदीत, वाडिया मिस्त्रींच्या हाताखाली, ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधून घेतली. २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. कोठारात मावेना म्हणून मिळेल त्या जागी कोळसा भरला होता, तरी अकराव्या दिवशी एडनला पोचेपर्यंत तो जवळजवळ संपला होता. तिथे पुन्हा कोळसा चढवायला माणसे मिळेनात, त्यात दिवस मोडले. सुएझ गाठायला एकूण महिनाभराहून थोडा जास्त वेळ लागला आणि त्यातला बराचसा केवळ कोळसा भरण्यात गेला. मुंबई आणि सुएझ यांच्यामध्ये हक्काची एक कोळशाची वखार हवी, हे त्या फेरीने सिद्ध केले.

वखार कुठे घालायची हे ठरवायला आधी किनारा माहीत हवा आणि अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याचा भरवशाचा नकाशा कोणाकडेच नव्हता. ते काम हेन्सला मिळाले. ‘पॅलिन्युरस’ हे दोन डोलकाठ्यांचे छोटे जहाज घेऊन १८३० च्या दशकात तो आणि त्याचे सोबती हा किनारा पायरी पायरीने मोजत गेले. माझ्या मते हेन्सच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे आणि या पुस्तकात त्याला जास्त पाने दिली आहेत ती त्यासाठीच.

समुद्राची मोजणी म्हणजे काय, हे इथे थोडे सांगितले पाहिजे. किनाऱ्यावर एक सरळ रेषा नीट मोजून घ्यायची. तिच्या दोन टोकांवरून डोंगराचे शिखर, मशिदीचा मनोरा, एखादा खडक यांचे कोन घ्यायचे आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत पुढे जायचे. दुपारी सूर्याची उंची घेऊन अक्षांश काढायचा आणि जहाजावरच्या अचूक घड्याळावरून रेखांश. मग होड्या सोडायच्या. प्रत्येक होडीत एक माणूस शिशाचे वजन बांधलेला दोर पाण्यात सोडतो, किती वाव पाणी आहे ते मोठ्याने सांगतो आणि दुसरा ते लिहून घेतो. वजनाच्या बुडाला चरबी लावलेली असते. तिला वाळू चिकटली, चिखल चिकटला की शिंपले, त्यावरून तळ कसा आहे आणि नांगर धरेल की नाही ते कळते. हे दिवसभर, उन्हात, गोड्या पाण्याची टंचाई असताना, ज्या किनाऱ्यावर उतरल्यास गोळी लागण्याची शक्यता आहे तिथे, महिनेच्या महिने करायचे. होडीतला दोर बहुतेक वेळा हिंदी खलाशाच्या हातात असे आणि नकाशावर छापलेला आकडा त्याने पुकारलेला असे.

या मोजणीबरोबर ज्ञानाची दुसरीही दारे उघडली. हेन्सचा सहकारी लेफ्टनंट वेलस्टेड याला १८३४ साली हिस्न-अल-घुराब या किनाऱ्यावरच्या कड्यावर एक प्राचीन शिलालेख सापडला आणि दक्षिण अरबस्तानची लुप्त लिपी वाचण्याच्या प्रयत्नांना त्यामुळे जोर आला. क्रटेंडन नावाचा दुसरा तरुण अधिकारी आणि डॉ. हल्टन हे १८३६ साली येमेनमधल्या साना शहरापर्यंत जाऊन आले. त्या प्रवासातल्या आजाराने हल्टन दगावला. हेन्सने स्वतः या किनाऱ्याचे जे वर्णन लिहिले ते लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८३९ आणि १८४५ साली छापून आले. ते वाचताना जाणवते की या माणसाला किनाऱ्यावरच्या लोकांविषयी खरे कुतूहल होते. कोणती टोळी कुठे पाणी भरते, कोणाचे कोणाशी वैर आहे, कोणत्या गावात खजूर होतो आणि कोणत्या गावात मासे सुकवतात, हे सगळे तो नोंदवतो. त्याच ज्ञानाचा पुढे त्या लोकांविरुद्ध उपयोग झाला, हेही तितकेच खरे आहे.

वखारीसाठी आधी सोकोत्रा बेट पाहिले गेले. तिथला सुलतान बेट विकायला तयार होईना आणि उतरवलेल्या फौजेत तापाने माणसे मरू लागली, म्हणून ते सोडावे लागले. मग एडन. तिथे मोठे नैसर्गिक बंदर होते, पण गाव उतरतीला लागलेले होते. जेमतेम सहाशे माणसांची वस्ती, बहुतेक चटयांच्या झोपड्या. सत्ता लहेजचा सुलतान मुहसिन याची. १८३७ च्या सुरुवातीला ‘दरिया दौलत’ नावाचे ब्रिटिश निशाणाचे हिंदी जहाज एडनजवळ फुटले. ते लुटले गेले आणि त्यावरच्या उतारूंची विटंबना झाली. ग्रँट यांना हवे असलेले निमित्त मिळाले. वर्षअखेर हेन्सला एडनला पाठवण्यात आले. उघड काम नुकसानभरपाई मागण्याचे, पण खरा रोख बंदर विकत घेण्यावर. जानेवारी १८३८ मध्ये सुलतानाने वर्षाला ८,७०० रियालांवर बंदर द्यायचे कबूल केले. नंतर त्याच्या मुलाने हेन्सला पकडून कागद हिसकावण्याचा बेत केला, तो हेन्सला कळला आणि तो निघून आला. ग्रँट जुलै १८३८ मध्ये दापोडीला वारले. एडन पडलेले त्यांनी पाहिले नाही.

१९ जानेवारी १८३९ रोजी राणीच्या आरमारातली ‘व्होलाज’ आणि ‘क्रूझर’ ही युद्धजहाजे आणि मुंबईहून आलेली सुमारे ७०० ची फौज यांनी सिरा बेटावरच्या तोफांचा मारा थंड करून एडन घेतले. त्या फौजेत गोऱ्यांच्या बरोबरीने मुंबईच्या हिंदी पायदळाचे शिपाई होते. ते जिथे उतरले ते पाणी हेन्सने आधीच मोजून ठेवलेले होते. हाती आलेल्या तोफांत तीनशे वर्षांपूर्वीच्या तुर्की तोफाही होत्या. १५३८ साली ऑटोमन आरमार पोर्तुगीजांच्या दीवकडे जाताना याच बंदरातून गेले होते. राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीत ब्रिटिशांनी मिळवलेली ही पहिली भूमी. लूट आणि विटंबना घडली होती यात शंका नाही, पण तिची शिक्षा म्हणून आख्खे बंदर काढून घेणे हा न्याय नव्हता. कागदावरच्या सौद्याची अंमलबजावणी असे त्याला नाव दिले गेले. मी त्याला आक्रमण म्हणतो आणि पुस्तकभर तोच शब्द वापरला आहे.

त्या वर्षाकडे महाराष्ट्रातून पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. एडननंतर पंधरा दिवसांनी, फेब्रुवारीत, मुंबईच्याच फौजेने कराची घेतली. सप्टेंबरात साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीकडे पाठवले. १८४० साली आंग्र्यांचे कुलाबा संस्थान औरस वारस नाही म्हणून खालसा केले. एडन, कराची, सातारा आणि कुलाबा ही चार नावे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत चार वेगळ्या प्रकरणांत असतात. मुंबई सरकारच्या दप्तरात ती दीड-दोन वर्षांच्या आत एकापाठोपाठ एक येतात. ज्यांनी कधीकाळी याच आरमाराला कोकणपट्टीत जेरीस आणले होते, त्या आंग्र्यांची अलिबागची गादी संपली तेव्हा तेच आरमार तांबड्या समुद्राच्या तोंडाशी जाऊन बसले होते. म्हणूनच एडनचा इतिहास हा परदेशाचा इतिहास आहे असे मी मानत नाही.

पुढची १५ वर्षे हेन्स एडनचा पोलिटिकल एजंट होता. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत अरब टोळ्यांनी गाव परत घेण्यासाठी तीन मोठे हल्ले केले, ते परतवले गेले. त्याने व्यापारी बोलावले, वाद मिटवले, आतल्या मुलखातल्या बातम्या पैसे देऊन मिळवल्या. १८५० साली एडन जकातमुक्त बंदर झाले. सहाशेंच्या वस्तीची त्याच्या कारकिर्दीत सुमारे वीस हजारांची झाली. त्यात अरब, सोमाली, ज्यू यांच्याबरोबर मुंबईकडची बरीच माणसे होती. शिपाई, कारागीर, वाणी, पारशी दुकानदार. विलायतेला निघालेल्या प्रत्येक मुंबईकराचे पहिले बंदर पुढे शंभर वर्षे एडनच राहिले.

एवढा कारभार चालवायला मुंबईने त्याला माणसे दिली मूठभर. राजकारण, न्याय, बंदर, बांधकाम आणि खजिना यांचा भार जवळजवळ एकट्यावर. तो मूळचा दर्यावर्दी. पाण्याची खोली त्याने बोटाच्या पेऱ्याइतकी अचूक लिहिली, पण रोकडवहीच्या बाबतीत तो ढिसाळ राहिला. १८५४ साली तपासणी झाली तेव्हा खजिन्यात सुमारे २८ हजार पौंडांची तूट निघाली, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने पावणेतीन लाखांहून अधिक रुपये. हेन्सला मुंबईत बोलावले आणि एडनवर जेम्स आउट्रम यांना नेमले. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात त्याच्यावर अफरातफरीचे खटले झाले आणि दोन्ही वेळा ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. त्याने पैसा खाल्ला असे सिद्ध झाले नाही. मग सरकार फिर्यादीऐवजी सावकार म्हणून पुढे आले. तूट हे हेन्सचे देणे आहे, ते फेडीपर्यंत त्याला कर्जदारांच्या तुरुंगात ठेवावे, असे ठरले. एवढी रक्कम फेडणे त्याला जन्मात शक्य नव्हते.

या सहा वर्षांत तुरुंगाबाहेरची मुंबई ओळखू येईनाशी झाली. तो आत गेला त्याच्या वर्षभरापूर्वीच रेल्वे सुरू झाली होती. ताडदेवला कापडाची पहिली गिरणी उभी राहिली, विद्यापीठ स्थापन झाले, सत्तावन्नचे बंड झाले आणि कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले. १८५९ साली प्लेफेअर नावाच्या एडनच्या अधिकाऱ्याने लिहिलेला येमेनचा इतिहास मुंबईतच छापला गेला. एडन ज्याने घेतले तो माणूस त्या वेळी त्याच शहरात गजाआड होता. लॉर्ड एल्फिन्स्टन हे सत्तावन्नच्या धामधुमीत मुंबई शांत ठेवणारे कर्तबगार गव्हर्नर म्हणून गौरवले जातात. हेन्सच्या बाबतीत त्यांनी दाखवलेला कठोरपणा मला समर्थनीय वाटत नाही. हिशेब ढिसाळ ठेवणे हा दोष आहे, मोठा दोष आहे. पण वर्षानुवर्षे हिशेब न तपासणारे, पुरेसे कारकून न देणारे सरकार त्या दोषात भागीदार होते आणि त्याची किंमत एकट्या माणसाकडून वसूल झाली. मे १८६० मध्ये क्लार्क गव्हर्नर झाले आणि महिनाभरात हेन्स सुटला. इंग्लंडला जाण्यासाठी तो जहाजावर चढला, तेव्हा त्याची प्रकृती पार खचलेली होती. १६ जून १८६० रोजी, जहाज मुंबई बंदरात असतानाच, तो वारला.

इंग्रजीत गॉर्डन वॉटरफील्ड यांनी १९६८ साली त्याचे चरित्र लिहिले आहे. त्यात हेन्स साम्राज्याने विसरलेला कर्तबगार सेवक म्हणून दिसतो. ती बाजू मी नाकारत नाही, पण तेवढीच मराठीत आणणे मला पटले नाही. लहेजच्या सुलतानाला आपले बंदर गमावल्यावर ते परत घेण्यासाठी माणसे पुन्हा पुन्हा मरायला पाठवावीशी वाटली, ते दुःख साताऱ्याच्या आणि कुलाब्याच्या लोकांना समजण्यासारखे आहे. म्हणून एडनच्या हल्ल्यांचे प्रकरण शक्य तितके भिंतीबाहेरून, हल्ला करणाऱ्यांच्या बाजूने मांडले आहे. खटल्याचे प्रकरण मात्र हेन्सच्या बाजूने लिहिले आहे, कारण तिथे अन्याय झालेला माणूस तो होता.

मांडणी कालक्रमाने आहे, एक अपवाद सोडून. ‘पॅलिन्युरस’च्या मोजणीचे प्रकरण सर्वांत आधी घेतले आहे, हेन्सच्या बालपणाच्याही आधी. ज्यांना तारखा आणि तह यांचा कंटाळा येतो त्यांनी तिथूनच सुरुवात करावी आणि सोबतचा नकाशा उघडा ठेवावा. त्यावर वावांत दिलेले आकडे १८३० च्या दशकातल्या होड्यांतून पुकारलेले आहेत.